पुढे बावीस, मागे तीस

जळगाव शहरात दुचाकीच्या टायरमधल्या हवेवरून माझ्या मामेसासऱ्यांइतका संताप आजवर कोणी केला नसेल, आणि यापुढे कोणी करील असंही मला वाटत नाही. लोक महागाईवर चिडतात, राजकारणावर चिडतात, उन्हावर तर आमच्याकडे होळीपासूनच चिडतात. आमचे आबा हे सगळं मुकाट सोसत, पण कोणाच्या गाडीचं मागचं चाक बसलेलं दिसलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. दोंडाईच्याच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात त्यांनी नोकरी केली, सगळं आयुष्य मोटरसायकलवरून खेडोपाडी फिरण्यात घालवलं, आणि मामी गेल्यावर ते पिंप्राळ्यात आमच्या शेजारची खोली घेऊन राहायला आले. दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतं, तसं त्यांच्या खिशाला हवेचा दाब मोजायचं गेज असे. पेन मागितलं तर मात्र नसे.

रोज सकाळी सहाला, चाकांवर ऊन यायच्या आत, ते माझ्या स्कूटरची हवा मोजत. तापलेलं चाक खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. मी दात घासत दारात आले की आकडा कळायचा, "सूनबाई, पुढे एकोणीस. बावीस पाहिजे, मागे तीस. कशी चालवता तुम्ही?" आणि हे अशा आवाजात, की मी रात्रभर मूल उपाशी ठेवलं असावं. माझ्या नवऱ्याने एकदा चाक अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हटलं, तेव्हा आबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "अंगठा शाळेत न गेलेल्याने लावायचा असतो. तुला आम्ही शिकवलं होतं." नणंदेला बघायला फैजपूरचे पाहुणे आले, त्या दिवशी चहा झाला, पोहे झाले, तरी आबांचा पत्ता नाही. ते अंगणात मुलाच्या मोटरसायकलपाशी उकिडवे बसलेले. आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "मुलगा चांगला असेल, पण मागे अठरा आहे." लग्न तरीही जमलं. तो बिचारा अजून सासुरवाडीला यायचं म्हटलं की आधी हवा भरतो आणि मग मिठाई घेतो.

मला वाटायचं, या वेडामागे काहीतरी दुःख असणार. कधीतरी टायर फुटला असेल, मामी मागे बसलेल्या असतील. एकदा धीर करून विचारलं. आबा माझ्याकडे बघतच राहिले. "काही झालं नाही. चाळीस वर्षांत कधी पडलो नाही. पाय भाजल्यावरच चप्पल घालायची असते का?" दिवसभर ते या प्रश्नावरच चिडलेले होते.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे. तिथे हवा भरायचं यंत्र आहे, वर 'मोफत हवा' अशी पाटी आहे, आणि यंत्रावर पोतं टाकलेलं होतं. गेल्या वर्षी होळीला टाकलेलं ते पोतं अक्षय्य तृतीया झाली तरी तसंच. विचारलं की पोरं म्हणत, उद्या येतो मेकॅनिक. आबांकडे स्वतःचा पायपंप होता, त्यांचं काही अडत नव्हतं. पण एके दिवशी तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई त्यांना दिसल्या. त्या एका पायाने अधू, स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवलेली. ब्लाउजांचं गाठोडं पायाशी ठेवून त्या तिसऱ्यांदा हवा मागायला आल्या होत्या आणि पंपावरचा माणूस खुर्चीतून न उठता म्हणाला, "पंक्चरवाल्याकडे जा ना बाई." पंक्चरवाला रेल्वे फाटकापलीकडे. त्याच आठवड्यात वळणावर बाईंची गाडी कलंडली होती आणि कोपर सोलून निघालं होतं.

आबांनी तक्रारवही मागितली. वही कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकाकडे, असं उत्तर मिळालं. आबा घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी पायपंप घेतला, प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि पंपाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'येथे खरोखर मोफत हवा.' पहिल्या दिवशी चार गाड्या आल्या, तिसऱ्या दिवशी रांग लागली. प्रत्येकाला आबा आधी आकडा सांगत, मग रागावत, मग हवा भरत. त्या बाईंच्या चारही चाकांत हवा भरताना मात्र रागावले नाहीत. पंपाचा मॅनेजर बाहेर येऊन म्हणाला, "आबा, इथे बसता येणार नाही." संतापले की आबा अहिराणीवर येत. म्हणाले, "मी रस्तावर बसेल शे. रस्ता तुन्हा व्हई ते खड्डाबी तुन्हाच."

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. ऑफिसात बायका विचारायच्या, ते पंपावर बसतात ते तुमचेच ना. मी म्हणायचे, लांबचे आहेत. मे महिना, अकरालाच डांबर मऊ होतं, आणि सत्तरीचा माणूस पाय मारत बसलेला. सहाव्या दिवशी त्यांना भोवळ आली. शिवणकामवाल्या बाईच मला घ्यायला ऑफिसात आल्या. मी पोचले तेव्हा आबा कडुनिंबाला टेकून बसले होते, ओठ कोरडे पडलेले, शर्ट चिंब. मॅनेजर सावलीत उभा राहून म्हणाला, "आम्ही आधीच सांगितलं होतं." मग माझ्या तोंडून काय काय निघालं ते मला नीट आठवत नाही. मी जन्मात कोणाशी तसं भांडले नव्हते. एवढं आठवतं, की मी 'माझे सासरे' असं म्हणत होते. रिक्षात आबा क्षीण आवाजात म्हणाले, "सूनबाई, कपाटाच्या किल्लीचं विचारलं का?"

दोन दिवसांनी पोतं निघालं, यंत्र सुरू झालं. आबा अंथरुणातून उठून आधी तिथे गेले, गेज लावलं आणि परत आले ते नव्याने तापून. यंत्र चार पौंड जास्त दाखवत होतं. आता मात्र वही मिळाली. पहिल्या पानावर आबांची तक्रार आहे, सुवाच्य अक्षरात, पान भरून.

पण डॉक्टरांनी ऊन बंद केलं, गाडी बंद केली. धुळ्याहून त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. तिच्या घरी एक चारचाकी आहे, तिची हवा शोरूमवाले बघतात. मी दर रविवारी फोन करते. सुरुवातीला आबा "बरं आहे" म्हणायचे आणि फोन मुलीकडे द्यायचे. मुलगी सांगायची, जेवत नाहीत, खिडकीशी बसून असतात. एका रविवारी काही सुचेना म्हणून मी म्हटलं, आबा, शाळेसमोर नवीन गतिरोधक घातलाय, त्याला पांढरे पट्टेच मारले नाहीत. पलीकडे आवाज चढला, "कोणी घातला? पोरंसोरं जातात तिथून. आणि तुम्ही बघत बसलात?" वीस मिनिटं ते बोलत होते. संध्याकाळी मुलीचा फोन आला, आज एक भाकरी जास्त मागून घेतली म्हणून.

तेव्हापासून आठवडाभर मी गावातली चुकलेली कामं शोधत हिंडते. एखाद्या रविवारी काहीच सापडलं नाही तर त्यांच्याशी काय बोलू, याची मला काळजी असते. पण आमचं गाव भलं आहे. अजून तरी तशी वेळ त्याने माझ्यावर आणलेली नाही.