नर्सिंगचा फॉर्म आणि आजोबांचा कापूस

माझ्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला जायचं होतं. मार्क होते, सरकारी कॉलेजात ओबीसीतून जागाही लागत होती. अडलं होतं ते जात पडताळणीच्या दाखल्यावर. आम्ही पिंजारी. पण अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं, आणि आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते. कागद पुरत नाहीत म्हणून समितीनं घरी येऊन चौकशी करायचं ठरवलं. दाखला मुदतीत आला नाही तर जागा जाणार.

मला आजही राग येतो. पोरीला सलाईन लावायला शिकायचंय, आणि सिद्ध काय करायचं, तर आजोबा कापूस पिंजायचे. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांचे कागद लावून ठेवलेत त्यांना हे सोपं. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्यानं फाईल कुठं ठेवायची?

मी एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. मला वाटलं, चौकशी म्हणजे काय, प्रश्न आणि उत्तरं. दोन पानं टाइप केली आणि अब्बांना पाठ करायला दिली. अब्बा चिखलीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये आहेत. शिफ्टवरून आले की जेवता जेवता घोकायचे. एवढंच म्हणाले, की हे लोकांना सांगण्यासारखं काय आहे. गाद्या भरणाऱ्याचा पोरगा ही ओळख पुसायला त्यांनी तीस वर्षं ओव्हरटाइम केला होता. माझ्या ते लक्षातच आलं नाही.

चौकशीचे साहेब आले, पाणी प्यायले, पारंपरिक व्यवसाय विचारला. अब्बा उभे राहिले.

"सदर समाजाचा पारंपरिक व्यवसाय कापूस पिंजणे व गाद्या तयार करणे हा असून..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे कोणी लिहून दिलं?"

 बहीण माझ्याकडे बघत होती. मग साहेबांनी साधंच विचारलं, कापूस नीट पिंजून झाला हे कळतं कसं? माझ्या दोन पानांत ते नव्हतं. अब्बांना ठाऊक होतं, पण ते पाठ केलेलं पुढचं वाक्यच आठवू लागले.

स्वयंपाकघराच्या दारातून फुफी बोलली, अब्बांची थोरली बहीण. "आवाजावरनं कळतं, साहेब. गुठळी असली की तात ठस्स वाजती. कापूस मोकळा झाला की तीच तात गाती."

तात म्हणजे पिंजायच्या धनुकलीची दोरी. हे मलाही त्या दिवशीच कळलं.

"गाती न्हाई, आपा," अब्बा खाली बघत म्हणाले. "हलकी पडती. आधी हाताला कळतं, कानाला मागनं."

"तू केवढा व्हतास रे? पिंजायची मी, तू शेंगा खात बसायचास."

मग दोघं थांबेनात. कुरुळी गावात कुणाकडं लग्नाच्या गाद्या भरल्या, कोण गरम भाकरी द्यायचं, कोण ओट्यावर चढू द्यायचं नाही. बोलता बोलता आजोबांच्या खोकल्याचा विषय निघाला. कापसाचे तंतू छातीत जाऊन शेवटी त्यांना चार पावलंही चालवेनात. दवाखाना कुणी दाखवलाच नाही.

बहीण पुढं सरकली. "फुफी, खोकला कोरडा होता का? काम बंद असलं की कमी व्हायचा?"

साहेबही लिहायचे थांबले आणि उत्तराची वाट बघू लागले.

"व्हायचा की. पावसाळ्यात धंदा बंद, तवा बरा असायचा."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

दाखला मुदतीच्या आठवडाभर आधी आला. बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. नियम अजून तोच आहे, आणि त्याच्याशी माझं भांडण संपलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या आणखी दोघी यंदा फॉर्म भरतायत. अब्बा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसतात आणि पहिल्या वाक्यातच सांगतात, मी पिंजाऱ्याचा पोरगा. परवा एकीच्या आजोबांना बोलतं करायला त्यांना तीन चहा लागले. म्हातारबाबा बोलले.