इंजिन स्वतः येऊन न्यावे

त्यांना स्टेशनमास्तर म्हणतात म्हणून कुणी त्यांना रेल्वेत शोधायला जाऊ नये. पोटापाण्यासाठी ते एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. स्टेशनमास्तर हे नाव ठेवलं खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं. कुरिअरवाला त्यांचा खोका हमखास तिच्या दारात टाकून जायचा आणि ती जिन्यातून ओरडायची, "स्टेशनमास्तर, तुमची गाडी आली हो!" पुढे बायकोही तेच म्हणायला लागली आणि नाव कायमचं चिकटलं.

खोक्यांत असायचे आगगाडीचे डबे. खेळण्यातले म्हटलेलं त्यांना खपत नाही, मॉडेल म्हणायचं. खऱ्या डब्यासारखा हुबेहूब डबा, फक्त वीतभर लांबीचा. खिडक्यांना काचा, आत बाकं, दाराला नखाएवढी कडी. लोकांच्या माळ्यांवर असे डबे पडून असतात आणि कधीतरी ते ऑनलाइन लिलावात निघतात. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून स्टेशनमास्तर त्या लिलावांवर डोळा ठेवून बसत. बोली लावण्यात ते तरबेज होतेच, पण त्यांचा खरा जीव होता शिपिंगच्या हिशेबात.

डबा महाग पडला तरी ते एकवेळ सहन करत. शिपिंग जास्त लावलं की मात्र त्यांचा पारा चढे. "एवढासा डबा आणि शिपिंग बघ! शेजारच्या सीटवर बसवून आणणार आहे का तो त्याला?" मग स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर येई. त्यावर आपल्याकडचा तसाच एक डबा ठेवायचा, खोक्याचं आणि कागदाच्या बोळ्यांचं वजन अंदाजानं धरायचं आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा माणसाच्या पानावर सविस्तर तक्रार लिहायची, की आपण लावलेलं शिपिंग अवाजवी आहे. वजनकाट्याला वंगणाचा वास यायला लागला तेव्हा बायकोनं पिठासाठी दुसरा आणला.

एकाच माणसाकडून दोन वस्तू घेतल्या तर शिपिंग एकदाच पडतं, हा शोध लागल्यापासून तर कहरच झाला. शिपिंग वाचावं म्हणून त्यांनी एकदा एका डब्याबरोबर सिग्नलचा खांब, पाण्याची टाकी आणि प्लॅटफॉर्मवर बसवायचे करंगळीएवढे प्रवासी घेतले.

"वाचलेले पैसे कुठे ठेवलेत?" बायकोनं विचारलं.

त्यांनी प्रवाशांकडे बोट दाखवलं. बायको दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसते. माणसाचं नेमकं कुठे दुखतंय हे त्यानं तोंड उघडायच्या आधी ओळखायची तिला सवय आहे. ती नुसती हसली.

कारण दुखत होतं ते वेगळंच. घरात सगळं होतं, फक्त इंजिन नव्हतं.

लहानपणी वडिलांनी दोघा भावांना एक आगगाडी आणून दिली होती. एक काळं इंजिन आणि सहा हिरवे डबे. इंजिन चालवायचं थोरल्यानं, डबे जोडायचे आणि शिट्टी तोंडानं वाजवायची धाकट्यानं. दादाच्या हातून एकदा इंजिन पडलं आणि धुरांडं तुटलं, तेव्हा आईनं शिवताना बोटात घालायची आपली पितळी टोपी काढून दिली. वडिलांनी ती धुरांड्याच्या जागी चिकटवली. तेव्हापासून ते इंजिन उन्हात चमकायचं.

आईवडील गेल्यावर घर रिकामं करायची वेळ आली. कपाटं, भांडी, घराचे पैसे, सगळ्याची वाटणी एका दुपारी गोडीगुलाबीनं झाली. "तुला हवं ते घे," दादा म्हणत होता. "नाही रे, आधी तू," हे म्हणत होते. मग माळ्यावरून आगगाडीचा खोका निघाला आणि दोन टक्कल पडलेले गृहस्थ हातघाईवर यायचे बाकी राहिले. इंजिन मी चालवायचो म्हणून माझं, असं एकाचं म्हणणं. तोडलंस तूच म्हणून माझं, असं दुसऱ्याचं. शेवटी इंजिन दादानं नेलं, डबे यांनी उचलले, आणि जे बोलणं थांबलं ते थांबलंच. दादाचं घर बसनं अर्ध्या तासावर. पण तेवढी बस काही कुणी धरली नाही.

तेव्हापासून स्टेशनमास्तर तसंच इंजिन लिलावांत शोधत होते. बाकीचे डबे, खांब आणि प्रवासी हा त्या शोधात गोळा झालेला पसारा. तशी इंजिनं अधूनमधून निघत. ती पाहताना ते शिपिंगमध्ये काहीतरी खोट काढत आणि सोडून देत. त्यांना तसं इंजिन नको होतं, तेच हवं होतं आणि खरं सांगायचं तर दादा हवा होता. पण दादा काही लिलावात निघत नाही. निदान त्यांची तशी समजूत होती.

आता त्यांच्या हातून झालेली चूक सांगायला हवी. साइटवर एक सोय आहे. शिपिंग जिथे कमी त्या वस्तू आधी, जास्त त्या नंतर, असा क्रम लावून घेता येतो. स्टेशनमास्तरांनी तो पहिल्या दिवशी लावला आणि पुन्हा कधी बदलला नाही. ज्या वस्तूला शिपिंगचा आकडाच नाही, ती त्या यादीत येतच नाही, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? शिपिंग न लावणारा माणूस जगात असू शकतो, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

बायकोला शिपिंगशी काही देणंघेणं नव्हतं. एका संथ दुपारी, दवाखान्यात दाढ काढून घ्यायला आलेला माणूस ऐनवेळी पळून गेला. हाताशी मोकळा वेळ होता म्हणून तिनं आपल्या फोनवर ती साइट उघडली, 'जुनं काळं इंजिन' असं टाकलं आणि पाहत बसली. संध्याकाळी तिनं फोन नवऱ्यासमोर ठेवला.

फोटोतल्या इंजिनाला धुरांड्याच्या जागी पितळी टोपी होती.

खाली लिहिलं होतं, 'चालू स्थितीत. धुरांडं मूळचं नाही. कुरिअरनं पाठवणार नाही. स्वतः येऊन न्यावे. हिरवे डबे असल्यास सोबत आणावेत, जोडून बघता येईल.' बोली एकही नव्हती. लिलाव संपला की तोच पुन्हा लावलेला, असं कित्येक महिने चाललेलं.

स्टेशनमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "विकायला काढलं त्यानं," ते म्हणाले.

"अहो, विकायला काढलेलं दिसतंय का हे तुम्हाला? नीट वाचा."

"आईची टोपी आहे त्यावर. दुसऱ्या कुणी नेलं म्हणजे?"

त्यांनी तिथल्या तिथे बोली लावली. मग कुणीतरी टपून बसलं असेल या धास्तीनं वाढवली. सकाळी दुकानात जायच्या आधी आणखी एकदा वाढवली. समोर कुणीच नव्हतं. लिलाव संपेपर्यंत स्टेशनमास्तर एकट्यानंच स्वतःशी झुंजले आणि जिंकले.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी सहा हिरवे डबे जुन्या मऊ टॉवेलांत गुंडाळून पिशवीत भरले. बूट घालता घालता तोंडानं बसच्या भाड्याचा हिशेब चालला होता. जाताना एक तिकीट, येताना एक तिकीट, शिवाय इंजिन.

"इंजिनाचं तिकीट लागत नाही," बायको म्हणाली. "निघा आता."

दार दादानंच उघडलं. तो आणखी बारीक झाला होता आणि त्याच्या चष्म्याची एक काच चरे पडून धुरकट झाली होती. स्टेशनमास्तरांचं लक्ष आधी तिकडेच गेलं.

"डबे आणलेस?" दादानं विचारलं.

"आणलेत."

"मग आत ये."

आतल्या खोलीत गालिचा गुंडाळून ठेवला होता आणि फरशीवर रूळ मांडलेले होते. रुळांवर धूळ नव्हती. इंजिन तयार उभं होतं. दोघं गुडघे धरत, कण्हत खाली बसले. एकेक डबा टॉवेलातून निघाला आणि धाकट्यानं तो जोडला.

"तुला कसं कळलं मी त्या साइटवर असतो ते?" स्टेशनमास्तरांनी मान खाली घालूनच विचारलं.

"मीही तिथे डबेच शोधत होतो. ज्या विकणाऱ्याकडे जावं त्याच्या पानावर एकाच माणसाची तक्रार. माल उत्तम, खोका नीट, शिपिंग अवाजवी. असं लिहिणारा जगात दुसरा कोण असणार?"

"मग मला मेसेज टाकायचास. मी शिपिंग दिलं असतं."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. "पण कुरिअरनं पाठवलं असतं, तर तू आला असतास का?"

स्टेशनमास्तरांनी चष्मा काढला, पण या खेपेला पुसायला नाही. दादानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग कळ दाबली, आणि इंजिन निघाल्याबरोबर दादा खेकसला, "शिट्टी! शिट्टी कोण वाजवणार?"

अंधार पडायच्या सुमारास स्टेशनमास्तर घरी परतले. पिशवीत नुसते टॉवेल होते आणि वरच्या खिशात दादाचा चरे पडलेला चष्मा. बायकोनं पिशवी चाचपली.

"इंजिन कुठाय?"

"तिथेच आहे."

"आणि डबे?"

"तेही तिथेच ठेवले. सारखे न्यायचे-आणायचे म्हणजे जोडणीचे दांडे वाकतात." त्यांनी बूट काढले, टेबलाशी बसले आणि वजनकाटा बाजूला सारून कागद ओढला. "काच नवी बसवून चष्मा येत्या सुट्टीला द्यायचाय. पुढच्या सुट्टीला रुळांना वंगण घालायचंय. म्हणजे दर सुट्टीला जाणं आलं. मी बसमध्ये हिशेब केला. सुटी तिकिटं काढत बसण्यापेक्षा पासच काढलेला स्वस्त पडतो."