आलापल्लीच्या मोटारीचे पडदे

आमच्या चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, मोटारींचे टप शिवायच्या शेडमध्ये दोन गोष्टींचा ढीग कधी संपला नाही. एक मशीनखालच्या कातरणाचा, दुसरा किश्शांचा. कातरण निदान चूल पेटवायला जायचं. किस्से कोण नेणार? गिऱ्हाईक एखादा टाकून जायचं आणि आम्ही चहाबरोबर त्याला ठिगळं लावत बसायचो. हसण्यासारखे मी पुष्कळदा सांगितले आहेत. पन्नास सालानंतर केव्हातरी आलेल्या त्या उघड्या मोटारीचे मात्र मी दिवसाउजेडीच सांगतो.

मोटार आलापल्लीच्या एका लाकडाच्या ठेकेदाराची, तीही त्यांच्या वडिलांच्या वेळची. वर घडीचा टप, बाजू उघड्या. आमचे मालक गुलाबभाऊ ताडपत्री कापायचे, मी शिवायचो.

ठेकेदार म्हणाले, "चारी बाजूनं पडदे करा. मागच्या सीटले खिडकी नोको."

पडद्याला सेल्युलॉइडची खिडकी असते, आतल्याला बाहेरचं दिसावं म्हणून. गुलाबभाऊ म्हणाले, "काऊन जी? मंग आतल्या मानसानं पाहावं कुठून?"

"पाहूच नये, म्हणून तर करून राह्यलो."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, याच मोटारीतून बाळंतपणासाठी चांद्याला आणत होते. वाटेत जंगलातच त्या बाळंत झाल्या. मुलगा झाला, पण तो रडलाच नाही. वळणावरच्या बेहड्याच्या झाडाखाली त्याला पुरून हे पुढे आले. आता पुन्हा बाईंचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी चांद्यालाच आणा म्हणून बजावलं होतं, आणि बाई म्हणत होत्या, "ते झाड दिसलं का मी उतरून जाईन. मंग मले कोनी पुढं नेऊ नोका."

गुलाबभाऊ एरवी मापं घेतानाही गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी नुसती मापं घेतली. मलाही त्या बाईंना न पाहताच त्यांची फार दया आली.

*

पडदे झाले की पाणी घालून पाहायची आमची रीत. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून बादल्या ओतायच्या. मी मागच्या सीटवर बसलो. भर दुपार, पण खिडकी नसल्यामुळे आत कणगीत बसल्यासारखं वाटत होतं.

दोन्ही बाजूंनी पाणी पडून गेलं. एक थेंब आत आला नाही. मग डाव्या पडद्यावर बोटांनी टकटक सुरू झाली. खाली, दाराच्या कडेला.

मी म्हटलं, "भाऊ, गळत नाई. आता काय दार वाजवून राह्यले?"

गुलाबभाऊंचा आवाज लांबून आला, "अरे, मी विहिरीवर हावो. बादली भरून राह्यलो."

मी टिचबटणं तटातट उपटून बाहेर पडलो. भाऊंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, "पडदा पक्का हाये. बाहेरचं पानी आत नाई गेलं. तुयाच अंगातून निघालं!"

*

त्याच डाव्या पडद्याचं खालचं एक बटण रोज सकाळी उघडं सापडायचं. भाऊ म्हणाले, ओली ताडपत्री आखडते, त्यानं सुटत असेल. त्यांनी बटण बदललं. तरी उघडं. मग त्यांनी बटणावरून चामड्याचा पट्टा घेऊन दाभणानं शिवून टाकला.

सकाळी पाहतो तर पट्टा जागच्या जागी होता. शेजारचं बटण उघडं होतं.

मी भाऊंकडे पाहिलं. ते शांतपणे तंबाखू मळत होते. म्हणाले, "राहू दे. एक उघडं ठेव. ज्याले लागते त्याले लागते."

*

गाडी न्यायला ठेकेदारांचा ड्रायव्हर आला, सदूभाऊ. धिप्पाड माणूस, वाघ आडवा गेला तरी हॉर्न वाजवून वाट मागणारा. पडदे चढवून आम्ही तिघं बाजारातून एक फेरी मारायला निघालो.

मागे खिडकी नसलेली, चारी बाजूंनी पडद्यांनी झाकलेली मोटार चांद्यानं पाहिली नव्हती. लोक बाजूला व्हायला लागले. एकानं टोपी काढली. भाजीवाल्या बायांनी हात जोडले. सदूभाऊला आधी वाटलं, आपलाच मान! मग एका म्हाताऱ्यानं गाडी थांबवून हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं जी?"

सदूभाऊनं गाडी तिथूनच वळवली.

*

शेडमध्ये आल्यावर सदूभाऊ म्हणाला, "माह्या बाजूनं हात निघंल एवढी फट ठेवा."

मी म्हटलं, "ठेकेदार म्हणाले, कुठीच फट नोको."

तेव्हा त्यानं सांगितलं. त्या बेहड्यापाशी वनदेवाच्या नावाचा डहाळ्यांचा जुना ढीग आहे. येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी टाकतो आणि पुढे जातो. बैलगाडीवाला असो की साहेब, टाकतोच. सदूभाऊ उघड्या मोटारीतून चालता चालता टाकायचा. मागच्या वर्षी मात्र बाईंच्या कळा पाहून घाई झाली आणि तो विसरला.

"या वक्ताले नाई विसरनार," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

गुलाबभाऊंनी कात्री घेतली. ड्रायव्हरच्या पडद्यात कोपरापाशी हातभर चीर पाडली आणि वरून झाकण शिवलं. ठेकेदारांना सांगायचं, वळताना हाताचा इशारा द्यायला ठेवली.

*

काही दिवसांनी ऐन दुपारी मोटार आमच्या दारात उभी राहिली. ठेकेदार आणि बाई दवाखान्यात उतरले होते. सदूभाऊ एकटा आत आला. त्याच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती.

"उतरल्या नाई ना बाई?" भाऊंनी विचारलं.

"नाई. झाड कधी गेलं, त्याहिले समजलंच नाई." तो स्टुलावर बसला. "मी चिरीतून हात काढला. डहाळी सोडाले गेलो, तं पडली नाई. कोनतरी घेतली. मंग हातात काहीतरी ठेवलं आन् माही मूठ मिटवली. एक एक बोट."

तिथून चांद्यापर्यंत त्यानं मूठ उघडली नव्हती. आष्टीला नदी ओलांडायच्या डोंग्यावरही नाही. मनगटानं चाक धरून गाडी आणली होती.

आमच्यासमोर त्यानं ती उघडली. तान्ह्या मुलाच्या मनगटाला बांधतात तशी काळ्या मण्यांची दोरी होती. मातीनं माखलेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दवाखान्यात शिरतानाच तिचं रडणं ऐकू आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सदूभाऊनं दोरी बाईंपुढे धरली. त्यांनी गाठ उलटसुलट करून पाहिली.

"मीच ओवली होती," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातात बांधून ठेवली होती."

ठेकेदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी पदरानं एकेक मणी पुसला आणि दोरी मुलीच्या मनगटाला बांधली. मग त्यांनी सदूभाऊला जवळ बोलावलं.

"भाऊ, हात केवढा होता जी त्याचा?"

सदूभाऊनं आपल्या बोटांकडे पाहिलं.

"लहानसाच, बाई," तो म्हणाला. "सालभराच्या पोराचा असते, तेवढा."