बियाणेच उकडले

मंडळी, आमोण्याहून लिहितोय. जीव अजून थाऱ्यावर नाही.

आमच्या खाऱ्या शेतात कोरगूट भातच तगते. त्याचे बी आम्ही कधी विकत आणले नाही, वडिलांपासून घरचेच. यंदा उंदरांच्या धास्तीने मीच बियाण्याचे पोते खाण्याच्या भाताशेजारी नेऊन ठेवले आणि सांगायचे विसरलो.

आज सकाळी बायकोने उकडे तांदूळ करायला भात चुलीवर चढवले. मी पोहोचलो तेव्हा दाणे उकलले होते.

“अगो, हे बियाणे!”

“मग सांगायला नको? उंदरांना भिऊन दहादा पोती हलवता, तोंड तेवढे उघडत नाही!”

एवढे बोलून तीच रडायला लागली.

उकडलेले भात रुजत नाही. पेरणी तोंडावर आली. आजवर कोणापुढे हात पसरला नाही. कोणाकडे पायलीभर कोरगूट शिल्लक आहे का हो?