चिठ्ठीवरचा भिक्खू

मी शहरातल्या महाल या जुन्या वस्तीत एका वाचनालयात ग्रंथपाल होतो, तेव्हा कामठीचा एक यंत्रमाग कामगार दर रविवारी यायचा. शब्दकोश शेजारी ठेवून तो बुद्धाच्या उपदेशांचं जुनं इंग्रजी भाषांतर ओठ हलवत वाचायचा. एकदा त्यानं 'प्रीस्ट' या शब्दावर बोट ठेवलं. मी म्हणालो, "भाषांतर करणाऱ्या गोऱ्या साहेबानं भिक्खूला पुजारी म्हटलंय."

"पुजाऱ्याले तं आमी छप्पन सालीच दीक्षा घेऊन सोडलं, भाऊ. हा इथंबी काहून भेटून राहिला?"

'पुस्तकात लिहू नये' ही पाटी माझ्याच अक्षरातली. ती पाळून तो 'प्रीस्ट' आलेल्या प्रत्येक पानात 'भिक्खू' लिहिलेली चिठ्ठी ठेवायचा.

वार्षिक तपासणीआधी चिठ्ठ्या काढायचा हुकूम आला. मी एकेक चिठ्ठी काढली, आणि तिच्यावरचा शब्द शाईनं पानावर लिहिला.