भिंतीवरचा रिकामा खिळा

सुपातली बाजरी निम्मीच पाखडून झाली होती, तोवर जोतीराम फोटोवाला दारात आला. खांद्यावरच्या बॅगेची चेनसुद्धा उघडलेली नव्हती.

“वैनी, देवळात सोडंनात. पासाबिगर मोठा कॅमेरा बंद. मोबाइल तेवढा चालतोय म्हणं.”

हरणाबाई सूप तसंच टाकून उठली. बिरोबाच्या यात्रेत आज तिचा शंभूराज पहिल्यांदाच ढोलाच्या तालावर गजी नाचणार होता, बापाचा पांढरा झगा घालून. नवरा, अर्जुना, गेल्यापासून झगा ट्रंकेतच होता. भिंतीवर अर्जुनाचा त्याच झग्यातला फोटो, जोतीरामनंच काढलेला. त्याच्या शेजारी तिनं लेकाच्या फोटोसाठी खिळा मारून ठेवला होता.

देवळाच्या कमानीत यात्रा कमिटीचा ऋषिराज उभा.

“आवं मावशी, गेल्या साली ह्यांच्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्यात पाय अडकून बाया पडल्या. नियम समद्यांला सारखाच.”

“मग नाचून झाल्यावर हितं भाईर काढतो की,” जोतीराम म्हणाला.

“न्हाई भावजी,” हरणाबाई म्हणाली. “झगा देवाम्होरं घालायचा, देवाम्होरंच उतरायचा. अंगावर घेऊन कमान वलांडायची न्हाई.”

“लग्नात नवऱ्याच्या नाकात कॅमेरा घालतोस, तवा कोण अडवतंय तुला?” ऋषिराजनं जोतीरामला टोमणा मारला.

“तितं जेवायला तरी घालत्यात,” म्हणत जोतीराम पायरीवर बसला.

ती एकटीच आत गेली. ढोल घुमला, भंडारा उधळला. हातातला रुमाल उडवत शंभूराजनं गिरकी घेतली आणि त्याचा डावा खांदा किंचित खाली गेला. अर्जुनाचा जायचा तसाच. फोटोतला अर्जुना ताठ उभा. हा खांदा त्यात कुठंच नव्हता. आता सापडला होता, तर कॅमेरा पायरीवर बसलेला. हरणाबाईनं हात जोडले, पण डोळे मिटले न्हाईत.

आधीच आत गेलेल्या सुनेनं, सृष्टीनं, मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. निम्म्यात लोकांचीच डोकी. झग्याच्या बाहीतून शंभूराजचं मनगट बाहेर आलेलं.

“झगा आटला काय गं?”

“झगा हाय तेवढाच हाय, आत्या. ह्येच मामंजींपरीस उंच हायती.”

हरणाबाईच्या मनात तर सगळ्या रांगेत अर्जुनाच उंच होता. मग आठवलं, बाह्या त्याला लांब व्हायच्या म्हणून तिनंच शिंप्याकडून आत दुमडून घेतल्या होत्या.

घरी येऊन तिनं उरलेली बाजरी पाखडली. खिळा तिनं काढला न्हाई. पुढच्या साली पास मिळणं बिरोबाच्या हातात. बाह्या तरी पुऱ्या पायजेत. सकाळी झगा घेऊन शिंप्याकडं जायचं होतं, दुमड सोडवून घ्यायला.