प्रतापच्या खिशातली सीडी

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली मराठी माणसं कुणाकडे जेवायला जाताना श्रीखंडाचा डबा नेतात, फार तर केक नेतात. प्रताप उमाळकर खिशात सीडी घेऊन जायचा. जेवण होईपर्यंत तो धीर धरायचा, कारण माणूस नागपूरचा होता आणि जेवणाला मान द्यायचा. पण मसालेभाताचा शेवटचा घास उतरला, की घरभर नजर फिरवून विचारायचा, "तुमच्याकडे लॅपटॉप कुठला आहे? पाच मिनिटं द्या. काही डिलीट होत नाही."

पाच मिनिटांचा तास व्हायचा. मग दिवाणखान्यातून त्याचा समाधानी आवाज यायचा, "वा, आवाज अजिबात येत नाहीये." लॅपटॉप जितका जास्त बिघडायचा तितका प्रताप खुलायचा. सीडी काढली की सगळं पूर्ववत व्हायचं, पण तोवर यजमानांचं निम्मं रक्त आटलेलं असायचं.

"लोक चोरांपासून दागिने लपवतात," त्याचा मित्र राजीव म्हणायचा. "आम्ही प्रतापपासून लॅपटॉप लपवतो. माझा पिठाच्या डब्यामागे आहे."

"मागे ठेवलास ना? आत नको ठेवू," प्रताप काळजीनं म्हणाला. "पंख्यात पीठ जातं."

त्या सीडीवर एक लिनक्स होतं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. जगभरच्या मूठभर हौशी लोकांनी ते फुकट बनवलं होतं आणि त्यांना सुरक्षिततेचं वेड होतं. त्यांनी ठेवलेलं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून प्रताप त्याला 'कुलूप' म्हणायचा. सीडी घालून लॅपटॉप सुरू केला की सगळा कारभार सीडीवरून चालायचा, आणि बंद केला की तुम्ही काय वाचलं, कुणाला लिहिलं, याचा मागमूस उरायचा नाही. स्वभाव बँकेतल्या लॉकरवाल्या बाईंसारखा: शेजारी राहत असलात तरी सही केल्याशिवाय आत सोडणार नाही.

फक्त ते कुठल्या लॅपटॉपवर चालेल याचा नेम नसायचा. म्हणून वेबसाइटवर एक यादी होती आणि ती डेन्मार्कचा हेन्रिक नावाचा गृहस्थ सांभाळायचा; प्रताप घरोघरचे लॅपटॉप तपासून त्याला कळवायचा. प्रत्येक मॉडेलपुढे स्क्रीन, आवाज, वायरलेस, सगळ्याची नोंद: चालतं, किंवा चालत नाही. 'बहुतेक चालतं' असं लिहिलेली मेल हेन्रिक परत पाठवायचा. प्रतापला असा गुरू आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

तसा तो पोटापाण्यासाठीही सॉफ्टवेअरचा टेस्टरच होता, एका विमा कंपनीत. त्याचा धर्म एका वाक्याचा होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, की दोष कुणाचा ते कळत नाही. हा धर्म तो घरीही पाळायचा. आमटी बिघडली की बायकोला विचारायचा, "मागच्या वेळेपेक्षा काय बदललंस?"

"फक्त आमटी," पद्मजा म्हणायची. ती पुण्याची होती आणि अकाउंटंट होती. "नवरा अजून तोच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणून आधी आमटी बदलून बघतेय."

दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरात त्यांच्याकडे रेखाताई आल्या. नवऱ्याच्या त्रासातून बाहेर पडू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलींसाठी त्या एक हेल्पलाइन चालवत. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या नावावर, अशा मुली. रेखाताईंच्या कार्यकर्त्या त्यांना पब्लिक लायब्ररीत भेटत.

"एका मुलीला आम्ही मेलवरून सगळं समजावलं होतं," रेखाताई म्हणाल्या. "नवऱ्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी बसवलं होतं. तो रोज वाचत होता. आता तिचा फोन लागत नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "प्रताप, लोक तुझी चेष्टा करतात. मला सांग, ते तुझं कुलूप खरंच लागतं का?"

प्रताप हे ऐकायला वर्षानुवर्षं थांबला होता. त्यानं मान डोलावली.

रेखाताईंना एक कंपनी जुने लॅपटॉप देणार होती. दहा होते, सगळे एकाच मॉडेलचे. आधी एक नेऊन बघा, चालला तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंत सगळे उचला, नाहीतर भंगारात जातील, असं कंपनीनं सांगितलं होतं. शितावरून भाताची परीक्षा करायची होती.

आलेला लॅपटॉप प्रतापनं शिस्तीत तपासला. आधी त्यावरचं विंडोज. सगळं ठणठणीत. दुसऱ्या दिवशी दसरा होता. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यानं कुलपाची सीडी घातली. स्क्रीन आली, आवाज आला, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप शहाण्यासारखा जागा झाला. फक्त वायरलेस नाही. आणि लायब्ररीत बसून काम करायचं, तर वायरलेसशिवाय तो लॅपटॉप म्हणजे नुसता पाट होता.

प्रतापनं हेन्रिकला लिहिलं: विंडोजमध्ये चालतं, तुमच्यात चालत नाही, म्हणजे दोष तुमचा. सोबत स्क्रीनवरचा संदेशही जोडला: 'वायरलेसचा स्विच बंद आहे.'

लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एक बारीक सरकता स्विच होता. हेन्रिकचं एका ओळीचं उत्तर आलं. "स्विच चालू आहे का?"

प्रतापला ते फार लागलं. टेस्टरला स्विच चालू आहे का विचारणं म्हणजे आचाऱ्याला मीठ ओळखता येतं का विचारणं. त्यानं स्विचचा फोटो काढून पाठवला. हेन्रिकनं लिहिलं, "फोटोत स्विच चालू दिसतो. कॉम्प्युटर म्हणतो बंद आहे. माझा विश्वास कॉम्प्युटरवर आहे. शुक्रवारी यादीत 'चालत नाही' लिहितो."

मग प्रताप पेटला. ऑफिसातून आला की डायनिंग टेबलवर बसायचा. वायरलेस चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला. जुना घातला, नवा घातला. एका वेळी एकच गोष्ट. स्क्रीनवर संदेश तोच. गुरुवारी रेखाताईंचा फोन आला.

"उद्या कंपनीला काय सांगू?"

"उद्या सकाळपर्यंत थांबा, ताई," प्रताप म्हणाला आणि खुर्चीत बसून राहिला.

"हे उचल," पद्मजा ताटं घेऊन आली. "पानं मांडायचीत." लॅपटॉप तिनं स्वतःच उभा धरला आणि कडेकडे बघून म्हणाली, "अजून कुंकू पुसलं नाहीस होय? सगळ्या फटीत गेलंय. तुला पूजेला बसवलं की गाडीच्या टायरलासुद्धा हळद लावतोस."

प्रतापनं मान वर केली. "पूजा आपण कधी केली?"

"दसऱ्याला. दसऱ्याची पूजा दसऱ्यालाच करतात."

"म्हणजे विंडोज टेस्ट केल्यावर? आणि सीडी घालायच्या आधी?"

"हो. तूच केलीस. गाडी, मिक्सर आणि हा पाहुण्यांचा लॅपटॉप. मूठ भरभरून अक्षता टाकल्यास."

प्रताप हळूहळू उभा राहिला. "पद्मजा, मी दोन गोष्टी बदलल्या," तो म्हणाला. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, माणूस खुनाची कबुली देतोय.

शिवणाच्या डब्यातली सुई आली. स्विचच्या खाचेत, अगदी शेवटच्या टोकाला, कुंकवात भिजून वाळलेला तांदळाचा एक दाणा बसला होता. स्विच सरकायचा, चालू दिसायचा, पण केसभर अलीकडे थांबायचा. दाणा निघाला. प्रतापनं स्विच सरकवला. बारीक टक् असा आवाज झाला आणि निळा दिवा लागला. पुढच्या क्षणी स्क्रीनवर अख्ख्या बिल्डिंगमधल्या वायरलेसची नावं ओळीनं येऊन उभी राहिली, लग्नातल्या पंगतीसारखी.

"आमटी गार होतेय," पद्मजा म्हणाली, पण तीही उभ्यानं स्क्रीनकडेच बघत होती.

जेवायच्या आधी प्रतापनं दोन कामं केली. रेखाताईंना फोन लावून म्हणाला, "सगळे उचला." आणि हेन्रिकला सगळी हकीकत लिहिली, पूजेसकट, दाण्याच्या फोटोसकट. सकाळी यादीत नोंद दिसली: "सगळं चालतं. टीप: स्विचमध्ये तांदूळ नसल्याची खात्री करावी." ब्राझीलच्या एकानं खाली विचारलं होतं, कुठला तांदूळ? प्रतापनं जबाबदारीनं उत्तर दिलं: कोलम.

रविवारी लायब्ररीच्या खोलीत दहा लॅपटॉप मांडले. राजीव गंमत बघायला आला होता, त्याला प्रतापनं सीड्या वाटायला लावलं. एकेक सीडी आत गेली, एकेक निळा दिवा लागला. दहावा लागल्यावर रेखाताईंनी टाळी वाजवली आणि मग जमलेल्या सगळ्याच कार्यकर्त्या बायकांनी वाजवली. राजीवनंही वाजवली. त्यानंतर त्याच्या घरचा लॅपटॉप पिठाच्या डब्यामागून टेबलावर आला.

जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, रेखाताईंचा फोन आला. एक मुलगी दोन महिने लायब्ररीत येऊन त्यातल्याच एका लॅपटॉपवरून वकिलाशी आणि बहिणीशी बोलत होती. घरी कुणाला पत्ता लागला नाही. आज ती बाळाला घेऊन बहिणीकडे डेन्व्हरला सुखरूप पोचली होती.

प्रतापनं त्याला जे विचारता येत होतं ते विचारलं.

"ताई, वायरलेस कसं होतं?"

"उत्तम होतं रे," रेखाताई म्हणाल्या.

त्यानं नाक पुसलं, कॉम्प्युटर उघडला आणि हेन्रिकला एका शब्दाची मेल पाठवली: चालतं.